विद्यापीठाचा ताळेबंद आणि प्रवराकाठचे शिवार

नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता राहुरी मागे टाकून उत्तरेस निघाला की थोड्याच वेळात प्रवरेच्या पुलावर येतो. नदीच्या एका काठावर कोल्हार खुर्द आणि दुसऱ्या काठावर कोल्हार बुद्रुक अशी एकाच नावाची दोन गावे येथे समोरासमोर वसली असून, पहिले राहुरी तालुक्याच्या दप्तरात आणि दुसरे राहाता तालुक्याच्या दप्तरात नोंदलेले आहे. भगवतीच्या देवस्थानामुळे आणि पौषातील यात्रेमुळे कोल्हारचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. परंतु आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला या गावाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटते. पूर्वेस हरिगावला बेलापूर कंपनी, पश्चिमेस लोणीला सहकारी साखर कारखाना आणि दक्षिणेस राहुरीला कृषी विद्यापीठ, अशा तीन संस्था गेल्या शतकात या शिवाराच्या तीन बाजूंना उभ्या राहिल्या. पहिली भागधारकांची, दुसरी सभासद शेतकऱ्यांची आणि तिसरी सरकारी खजिन्यावर चालणारी. तिघींनी दरसाल आपापला हिशेब मांडला. मात्र तो कोणापुढे मांडला, कोणत्या मापाने मांडला आणि त्या मापात प्रवराकाठच्या शेतकऱ्याचे हित कितपत मावले, या प्रश्नांची उत्तरे तिन्ही ठिकाणी निरनिराळी आहेत. त्यांपैकी तिसऱ्या संस्थेचा, म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा कारभार, त्याचे द्रव्यबळ आणि त्याच्या वार्षिक फलनिष्पत्तीची रीत कशी घडत गेली, हे येथे पाहावयाचे आहे.

या विद्यापीठाचे वय त्याच्या स्थापनेच्या तारखेवरून मोजणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतकीचे वर्ग निघाले, पुढे १९०७–०८ च्या सुमारास त्यांतूनच स्वतंत्र शेतकी महाविद्यालय आकारास आले, आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्यासारखा प्राचार्य त्याला लाभल्यामुळे प्रयोगशाळेतला अभ्यासक खेड्याच्या चावडीपर्यंत जाऊ लागला. पिंपळे सौदागर या गावाची मॅन यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका दख्खनी खेड्यातील जमिनीचे तुकडे, कर्जे आणि मजुरी यांची खातरजमा करून घेणारे ते आपल्याकडील पहिल्या मोलाच्या ग्रंथांपैकी एक होय. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण मिळावे, बांधबंदिस्ती व्हावी आणि जनावरांची पैदास सुधारावी असे सरकारला बजावले, त्याला तोवर तीस-पस्तीस वर्षे लोटली होती. ज्या सरकारी यंत्रणेवर फुल्यांनी आसूड ओढला, तिच्याच वारसदार संस्थेला पुढे त्यांचे नाव मिळाले.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी आयोगाने १९२८ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्याच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. येथून संशोधनाच्या द्रव्यव्यवस्थेला जे वळण लागले, ते थोडेफार आजही टिकून आहे. नोकरवर्ग आणि जमीन प्रांताची, विशिष्ट प्रयोगासाठी पैसा मध्यवर्ती कौन्सिलचा, आणि तो पैसा ठरावीक मुदतीपुरता, अशी ही वहिवाट. सोलापूरचे कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ मध्ये याच रीतीने सुरू झाले. उसासाठी नीरेच्या कालव्यावर पाडेगाव येथे १९३२ मध्ये संशोधन केंद्र निघाले, आणि फळांचे काम पुण्याच्या गणेशखिंड बागेत आधीपासूनच चालू होते. योजनेची मुदत संपत आली की पुढील मंजुरीसाठी खर्डे तयार करावयाचे, मंजुरी लांबली तर माणसे दुसरीकडे पाठवावयाची, आणि इतके करूनही झाडाची वाढ आपल्या गतीने होऊ द्यावयाची, या तिहेरी कसरतीत त्या पिढीचे संशोधक मुरले.

या कसरतीतून काय निपजले, याचे एक उदाहरण थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘एम ३५–१’ हा वाण काढण्यात आला, तो १९३० च्या दशकात. संकराची किमया त्यात नव्हती. शेतकऱ्यांच्या शेतांतून आणलेल्या कणसांच्या ओळी वेगवेगळ्या पेरावयाच्या, परतीचा पाऊस संपल्यावर केवळ जमिनीतील ओलीवर कोणती ओळ तग धरते, कोणत्या ओळीचा कडबा गुरे आवडीने खातात आणि कोणत्या दाण्याची भाकरी पांढरी व गोड उतरते, हे वर्षानुवर्षे पाहत राहावयाचे, एवढाच तो उद्योग. ज्या अधिकाऱ्यांनी त्या योजनेच्या जमाखर्चावर सह्या केल्या, त्यांच्यापैकी आज कोणी नाही. त्या वर्षीच्या अहवालात या निवडीला फार तर एक परिच्छेद लाभला असेल. तरी नगर-सोलापूरच्या बाजारात रब्बी ज्वारीचा गिऱ्हाईक आजही मालदांडीच मागतो, आणि नवा वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्या वाणाची तुलना तिच्याशीच करावी लागते. सुमारे नव्वद वर्षे चालू असलेले हे व्याज कोणत्या वर्षाच्या जमेस धरावयाचे? पुण्याला गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये निवडलेला ‘लखनौ ४९’ पेरू आणि १९३६ मधील त्यांच्या निवडीतून आलेला ‘गणेश’ डाळिंब यांचीही कथा हीच आहे. कोल्हारच्या शेजारचा राहात्याचा पेरू आज नावारूपाला आला आहे, त्याच्या मुळाशी ती पुण्याची बाग आहे.

इकडे प्रवराकाठी त्याच काळात निराळे स्थित्यंतर घडत होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले, आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बाजरीच्या मुलखात उसाचे मळे उभे केले. हे कालवे मूळचे दुष्काळनिवारणासाठी काढलेले. पण पाण्याची पट्टी भरण्याची ऐपत असलेले पीक ऊसच ठरल्यामुळे सरकारी महसूल आणि खासगी भांडवल या दोघांचीही नजर त्याच्यावर खिळली. कंपन्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, शेतकऱ्याच्या हाती खंडाचे चार पैसे आणि मजुरी उरली, आणि कालव्याच्या अतिपाण्याने जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. बाजरीचे रान चोपण झाले की तेथे कुंदासुद्धा नीट उगवत नाही, हा अनुभव या खोऱ्यातील दोन पिढ्यांनी घेतला आहे.

या स्थित्यंतराचे मोजमाप करण्याचे श्रेय पुण्याच्या एका संशोधनसंस्थेकडे जाते. १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या छत्राखाली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी त्यांनी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केला. कालव्याचा हिशेब पाणीपट्टीच्या वसुलीवरून करावयाचा, ही सरकारी रीत गाडगिळांना अपुरी वाटली. भिजणाऱ्या आणि कोरड्या गावांची तुलना करून मजुरी किती वाढली, व्यापार कोठवर पसरला, रेल्वेला व बाजाराला काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय कालवा तोट्यात आहे की नफ्यात, हे सांगता येत नाही, असा त्यांच्या पाहणीचा रोख होता. सार्वजनिक संस्थेच्या ताळेबंदाविषयीचा हा विचार पुढील विवेचनात पुन्हा लागणार असल्यामुळे वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

गाडगीळ केवळ मोजमापावर थांबले नाहीत. बेलापूर येथील दख्खन कालवे बागायतदारांच्या परिषदेत त्यांनी सहकारी साखरधंद्याची कल्पना मांडली, लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेअर गोळा केले, आणि १९५०–५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष. एकाच माणसाने पुण्यात संशोधनसंस्था आणि लोणीत शेतकऱ्यांचा कारखाना चालवावा, असा योग दुर्मीळच म्हणावा लागेल. त्यातून कोल्हारच्या परिसराला जी सवय लागली ती अशी: कारखान्याचा अहवाल छापून सभासदाच्या घरी येतो, वार्षिक साधारण सभेत त्यावर खडाजंगी होते, उताऱ्यावरून आणि उसाच्या भावावरून प्रश्न विचारले जातात, आणि संचालक मंडळाला त्यांची उत्तरे द्यावी लागतात. सहकाराच्या उत्तरकाळात या सभांचे तेज बरेच ओसरले, हे खरे. तथापि हिशेब मागणे हा आपला हक्क आहे, ही जाणीव येथील शेतकऱ्याच्या अंगी या मार्गाने बाणली.

विद्यापीठाची कल्पना मात्र खालून न येता वरून आली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांचा पुरस्कार केला, अमेरिकेतील जमीन-अनुदानित विद्यापीठांचा आदर्श भारत-अमेरिका संयुक्त पथकांनी सरकारपुढे ठेवला, १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले, आणि कोठारी आयोगाने प्रत्येक राज्यात असे एक तरी विद्यापीठ असावे असे सुचविले. या आदर्शाचे सार एवढेच की अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकाच छत्राखाली असावीत, म्हणजे शेतकऱ्याची अडचण संशोधकाकडे आणि संशोधकाचा निष्कर्ष विद्यार्थ्याकडे विनाविलंब पोहोचावा. महाराष्ट्राने १९६७ मध्ये यासाठी अधिनियम केला. विद्यापीठ राहुरीस होणार, अशी चिन्हे दिसू लागताच विदर्भात प्रक्षोभ उसळला. ऑगस्ट १९६७ मध्ये अकोल्याच्या आंदोलनात गोळीबार होऊन तरुणांचे बळी गेले. २९ मार्च १९६८ रोजी महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले खरे, परंतु एकाच विद्यापीठाने सर्व प्रदेशांचे समाधान होणार नाही हे तोवर स्पष्ट झाले होते. १९६९ च्या ऑक्टोबरात अकोल्याचे विद्यापीठ स्वतंत्र झाले, १९७२ च्या मे महिन्यात परभणी आणि दापोली ही दोन विद्यापीठे निघाली, आणि राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्राचा व खानदेशाचा भाग राहिला. आजच्या हिशेबाने हे दहा जिल्हे होतात: अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार.

या स्थापनेत पुण्याचे, धुळ्याचे आणि कोल्हापूरचे महाविद्यालय, पाडेगाव, सोलापूर, मोहोळ, निफाड यांसारखी केंद्रे आणि तेथील सारा नोकरवर्ग शेतकी खात्याकडून विद्यापीठाकडे वर्ग झाला. म्हणजे नवी संस्था जन्मतःच जुन्या मालमत्तेची आणि जुन्या दायित्वांची धनी झाली. राहुरीच्या मध्यवर्ती प्रक्षेत्रासाठी मात्र नव्याने जमीन लागली, आणि ती डिग्रस, सडे, खडांबे, वरवंडी या परिसरातील शेतकऱ्यांकडून संपादन करण्यात आली. शेतकऱ्यांसाठी काढलेले विद्यापीठ शेतकऱ्यांच्याच जमिनीवर उभे राहिले, आणि त्या कुटुंबांतील मुलांना नोकऱ्यांत घेण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे निवेदने, उपोषणे आणि आश्वासने यांच्या फेऱ्यात अडकून पडला. विद्यापीठाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत त्या जमिनीचे क्षेत्र आहे; तिच्या मोबदल्यात गावांनी काय गमावले, याचा रकाना त्या वहीत नाही.

आता कारभाराची घडी पाहू. १९६७ च्या अधिनियमाची जागा पुढे १९८३ च्या अधिनियमाने घेतली आणि चारही विद्यापीठांना एकच सनद लागू झाली. राज्यपाल हे कुलपती, कृषिमंत्री हे प्रतिकुलपती आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरूंकडे, अशी उतरंड आहे. कार्यकारी परिषदेत विधिमंडळाचे सदस्य, शास्त्रज्ञ आणि प्रगतिशील शेतकरी यांना स्थान असते. कुलगुरूंच्या हाताखाली शिक्षण, संशोधन आणि विस्तार यांचे संचालक, कुलसचिव, विद्यापीठ अभियंता आणि नियंत्रक. हा नियंत्रक म्हणजे जुन्या भाषेत विद्यापीठाचा फडणीस. अंदाजपत्रक तयार करणे, खर्चाची रुजुवात घालणे आणि लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरे देणे, ही त्याची कामे. चार विद्यापीठांत सुसूत्रता राहावी म्हणून पुण्याला महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. कागदावर ही रचना निर्दोष दिसते. व्यवहारात मात्र कुलगुरूंचा कार्यकाल संपल्यावर नवी नेमणूक होईतो अतिरिक्त कार्यभारावर महिनोन्‌महिने काम चालणे, परिषदेवरील जागा रिकाम्या राहणे आणि पदभरतीचा प्रत्येक प्रस्ताव मंत्रालयाच्या फायलींत फिरत राहणे, या गोष्टी नित्याच्या झाल्या. स्वायत्तता अधिनियमात लिहिलेली असली तरी तिचा वापर मंजुरीच्या शिक्क्यावर अवलंबून राहिला, असा या अर्धशतकाचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होणार नाही.

त्याचे कारण द्रव्यव्यवस्थेत सापडते. विद्यापीठाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा ओघ राज्य शासनाच्या अनुदानाचा. आणि त्यातील फार मोठा हिस्सा वेतन व निवृत्तिवेतन यांतच संपतो. दुसरा ओघ दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, म्हणजे १९२९ च्या त्या इंपीरियल कौन्सिलच्याच स्वतंत्र भारतातील अवताराचा. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत खर्चाचे पंचाहत्तर टक्के दिल्लीने आणि पंचवीस टक्के राज्याने सोसावयाचे, ही रूढ वाटणी होय. राज्याची पंचवीस टक्क्यांची तरतूद वेळेवर झाली नाही, की पंचाहत्तर टक्क्यांचे कामही रेंगाळते, हे कोणत्याही केंद्रावरचा कारकून सांगू शकेल. तिसरा ओघ मुदतबंद योजनांचा: जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९८ नंतर आलेला राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्प, २००७ पासूनची राष्ट्रीय कृषी विकास योजना आणि अलीकडचा हवामानानुकूल शेतीचा प्रकल्प. यांतून इमारती आणि यंत्रे आली. परंतु मुदत संपल्यावर ती यंत्रे चालवणारा माणूस कोणत्या शीर्षाखाली ठेवावयाचा, हा सोलापूरच्या कोरडवाहू योजनेइतकाच जुना प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिला. मंजूर पदांपैकी बराच मोठा भाग वर्षानुवर्षे रिक्त असल्यामुळे एकेका शास्त्रज्ञाकडे दोन-तीन पिकांचे आणि शिवाय अध्यापनाचे काम येते, ही तर आता राज्यातील सर्व कृषी विद्यापीठांची सामान्य अवस्था आहे.

चौथा ओघ विद्यापीठाच्या स्वतःच्या कमाईचा. बियाणे, कलमे, बेणे आणि जैविक खते यांच्या विक्रीतून जो पैसा येतो, त्याचा फिरता निधी करून त्याच कामात तो पुन्हा घालावयाचा, ही रीत. रब्बी कांद्याच्या बियाण्याची विक्री सुरू झाली की राहुरीच्या विक्रीकेंद्रापुढे पहाटेपासून लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना विद्यापीठाच्या पतीविषयी निराळा पुरावा नको. नाशिक-नगरचा शेतकरी खासगी कंपनीच्या चकचकीत पाकिटाकडे पाठ फिरवून त्या रांगेत का उभा राहतो? बियाणे खात्रीचे आहे, या एकाच विश्वासाने. या विश्वासाचे मूल्य फिरत्या निधीच्या जमेत विक्रीच्या रकमेइतकेच दिसते. प्रत्यक्षात बियाण्याची मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे धावते, आणि प्रक्षेत्रावर पाणी, मजूर व माणसे यांची टंचाई असल्यामुळे तो पुरवठा वाढत नाही.

वार्षिक फलनिष्पत्तीचे मोजमाप करण्याचा मुख्य प्रसंग म्हणजे चारही विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात तिचे नाव ‘जॉइंट ॲग्रेस्को’. आळीपाळीने एकेका विद्यापीठात उन्हाळ्याच्या सुमारास ती भरते. तेथे शास्त्रज्ञ आपला वाण, अवजार किंवा लागवडीची शिफारस मांडतो, किती हंगाम प्रयोग केले, किती ठिकाणी केले, तुल्य वाणापेक्षा उत्पादन किती टक्क्यांनी सरस आले, रोग-किडीची प्रतिक्रिया काय, यांवर उलटतपासणी होते, आणि नंतरच शिफारशीवर मोहोर उठते. पुढे पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे आणि प्रमाणित बियाणे अशा पायऱ्यांनी तो वाण शेतकऱ्यापर्यंत उतरतो. दरसाल निघणारी ‘कृषिदर्शनी’ या शिफारशी शेतकऱ्याच्या हाती देते. या बैठकीचा दर्जा सामान्यतः चांगला राहिला, असेच म्हणावे लागेल. दोष आहे तो वर्षाच्या शेवटी वाण आणि शिफारशी यांची संख्या मोजून समाधान मानण्याच्या सवयीत.

उसाच्या वाणांची नावेच या सवयीचा फोलपणा दाखवून देतात. ‘को ८६०३२’ या नावातील पहिले दोन आकडे १९८६ हे साल सांगतात; महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने त्याची शिफारस झाली ती १९९६ मध्ये. ‘कोएम ०२६५’, म्हणजेच फुले २६५, याच्या नावात २००२ आहे आणि शिफारस २००७ मधली. हा क्रमांक मिळण्यापूर्वीची वर्षे तर नावातही नाहीत. कोइमतूरला उसाला तुरा येतो, संकर तेथे होतो, कापसासारखे हलके बी पाडेगावला येते, त्याची रोपे वाढवून त्यांतील बहुतेक टाकून द्यावी लागतात, उरलेल्यांची लागण, खोडवा, उतारा, काणी आणि तांबेऱ्याची तपासणी करत सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली अशा तिन्ही हंगामांतून ती पार करावी लागतात. ज्या कुलगुरूंच्या काळात हे काम सुरू होते, त्यांच्या काळात ते क्वचितच पुरे होते. अंदाजपत्रक मार्चअखेर मिटते, योजना पाच वर्षांत संपते, कुलगुरूंची मुदतही पाच वर्षांची. आणि ऊस मात्र दहा-बारा वर्षे मागतो. कृषी विद्यापीठाच्या कारभारातील बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

या वाणांचे प्रवराकाठी काय झाले, हेही पाहिले पाहिजे. कोल्हारच्या उसकऱ्याच्या तोंडी ही नावे ‘शहाऐंशी’ आणि ‘दोनशे पासष्ट’ अशी सुटसुटीत झाली आहेत. दोनशे पासष्टचे वजन भरघोस येते आणि चोपण व खारवट जमिनीतही तो तग धरतो, म्हणून कालव्याच्या पाण्याने बिघडलेल्या रानांत शेतकऱ्याने तो आपलासा केला. साखर कारखान्यांनी मात्र, हंगामाच्या आरंभी त्याचा उतारा कमी पडतो म्हणून, त्याच्या नोंदीस बऱ्याच ठिकाणी नाखुशी दाखविली. टनावर पैसे मिळणाऱ्याला वजन हवे आणि साखर विकणाऱ्याला उतारा हवा, अशा या तंट्यात विद्यापीठाची शिफारस शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहिली. उसाबाहेर पाहिले तर २००३ च्या सुमारास आलेल्या ‘भगवा’ डाळिंबाने कोरडवाहू तालुक्यांतील कित्येक कुटुंबांची घरे बांधून दिली, आणि होल्स्टीन, जर्सी व गीर या तिन्हींच्या रक्ताची ‘फुले त्रिवेणी’ गाय राहुरीच्या गोठ्यात तयार झाली. जमेची बाजू अशी भक्कम असताना खर्चाच्या बाजूलाही काही नोंदी करावयास हव्यात. पाण्याचा अतिरेक करू नका, पिकांची फेरपालट करा, हिरवळीची खते घ्या, असे विद्यापीठ सांगत राहिले. पण खोऱ्यातील पाणी आणि भाव यांचे गणित उसाकडेच ओढत गेले, जमिनीचा पोत खालावत राहिला, आणि त्या अपयशाचा काही वाटा विस्ताराच्या दुबळ्या यंत्रणेवर टाकणे भाग आहे. शेजारच्या बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, लोणीला ग्रामीण वैद्यक महाविद्यालयातून उभे राहिलेले अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे विद्येची ठाणी या परिसरात दाट आहेत. त्यांची फळे शिवारात किती उतरली, याची एकत्र पाहणी मात्र झालेली दिसत नाही.

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब शासनामार्फत विधिमंडळापुढे ठेवावा, असा कायदा आहे. तो पाळला जावा आणि वेळेवर पाळला जावा, यात वाद नाही. पण विधिमंडळापुढे ठेवलेला कागद आणि कारखान्याच्या सभेत सभासदापुढे ठेवलेला कागद यांत जो फरक आहे, तोच या इतिहासाचा मर्मबिंदू होय. विद्यापीठाचा हिशेब पैसा देणाऱ्याला दिला जातो. ज्याच्या नावाने पैसा मिळतो, त्या शेतकऱ्यापुढे तो येत नाही. उलट शेतकऱ्यापुढे जे येते, ते मेळाव्यातील प्रदर्शन आणि भाषण. अनुदानाची रक्कम दरसाल वाढवून मागणाऱ्या विद्यापीठाच्या पाठीशी लोकमत उभे राहत नाही, याचे नवल वाटावयास नको; मालदांडी आणि दोनशे पासष्ट या संस्थेच्या पदरची आहेत, हे अनेकांना माहीतच नसते.

म्हणून उपाय सुचवावयाचा तर तो याच खोऱ्यात सापडतो. गाडगिळांनी प्रवरा कालव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ ज्या पद्धतीने मोजले, त्याच पद्धतीने राहुरीच्या विद्यापीठाचे लाभ, आणि हानीही, गावोगाव मोजल्या जाव्यात. अहवालात एका वर्षाच्या रकान्याशेजारी वीस वर्षांचा रकाना असावा. कोणत्या वाणाने किती क्षेत्र व्यापले, कोणती शिफारस कोणीच पाळली नाही आणि का पाळली नाही, कोणते पद किती वर्षे रिक्त राहिल्याने कोणते काम बुडाले, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. आणि तो अहवाल वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी, शेतकऱ्यांच्या खुल्या सभेत, कुलगुरू व संचालक समोर बसलेले असताना वाचला जावा. कारखान्याच्या सभेत टनामागच्या शंभर रुपयांसाठी उठून उभा राहणारा कोल्हारचा सभासद विद्यापीठाच्या सभेतही प्रश्न विचारू शकेल, याविषयी शंका नाही. त्याला तशी सभा मिळत नसेल तर त्याने ती मागितली पाहिजे. ज्या संस्थेवर त्याच्या कराचा पैसा आणि त्याच्या भाऊबंदांची जमीन खर्ची पडली आहे, तिचा हिशेब मागणे हा त्याचा अधिकार आहे.